बोल्टाच्या भोकातलं पाणी

भाईंदर पूर्वेच्या केबिन रोडवर जुलैमध्ये हार्डवेअरच्या दुकानांपुढे जी गर्दी होते, ती बहुतेक एकाच कारणानं. कुणाच्या खिडकीच्या ॲल्युमिनियमच्या चौकटीतून पाणी आत येतंय, कुणाच्या बाथरूमच्या पाइपाभोवती ओल धरलीय, कुणाच्या पत्र्याच्या शेडला स्क्रूपाशी थेंब लागलाय. दुकानदार फळीवरची एक नळी आणि ती दाबायची बंदूक पुढे ठेवतो. नळी बहुतेक वेळा सिलिकोनची असते. माणूस घरी जाऊन ओल दिसते तिथं पांढरी रेघ ओढतो आणि एखाद-दोन पावसाळे त्यावर निभून जातात. घरात निभतात म्हणून तीच नळी मी एकदा बोटीवर नेली होती. या प्रकरणाची सुरुवात त्या चुकीपासून होते.

बोट एका मित्राची. सव्वीस फुटी, फायबरग्लासची, शिडाची, बऱ्याच हातांतून फिरून आलेली. पावसाळ्यात ती किनाऱ्यावर ताडपत्रीखाली असायची आणि दसऱ्यानंतर पाण्यात उतरायची. केबिनमधली एक गादी मात्र कायम ओलसर. तिच्या बरोबर वर, डेकवर, कठड्याचा एक स्टीलचा खांब होता. मी खांबाच्या बुडाभोवती सिलिकोनची रेघ ओढली आणि बोटानं गुळगुळीत केली. त्या हंगामात गादी कोरडी राहिली. पुढच्या वर्षी ती पुन्हा भिजली आणि या वेळी खांब हातानं हलत होता. बोल्ट सोडवून बुडाची पट्टी उचलली, तर भोकातून तपकिरी पाणी आलं. डेकच्या पोटातलं लाकूड चमच्यानं खरवडून निघावं इतकं मऊ झालं होतं. तळहाताएवढा तुकडा कापून काढावा लागला. सिलिकोननं बाहेरून एक वाट बुजवली होती, पण पाणी दुसऱ्या फटीतून आत जातच होतं आणि आत गेलेल्या पाण्याला वाळायलाही जागा उरली नव्हती.

घराची भिंत जागची हलत नाही, बोटीचा डेक सतत हलत असतो. सीलंट, म्हणजे फट बुजवायचा पदार्थ, निवडताना ही एक गोष्ट डोक्यात पक्की बसली तर बाकीचं पुष्कळसं आपोआप उलगडतं.

फायबरग्लासच्या बोटीचा डेक बहुधा तीन थरांचा असतो. वर फायबरग्लासचं पातळ कवच, खाली तसंच दुसरं कवच आणि मध्ये हलकं भरण. हे भरण पुष्कळदा बाल्साच्या लाकडाचं असतं, काही बोटींत फोमचं. त्यामुळे डेक वजनाला हलका आणि वाकायला कणखर होतो. पण या डेकवर काय काय बसवलेलं असतं पाहा: कठड्याचे खांब, दोर अडकवायच्या क्लीट, दोर ओढायच्या विंच, शिडाचा दोर सरकवायच्या पट्ट्या, हवेसाठी झडपा, खिडक्या, डोलकाठीचे ताणदोर धरणाऱ्या चेनप्लेट. यांतला प्रत्येक बोल्ट वरचं कवच फोडून बाल्सातून खाली उतरतो. मध्यम आकाराच्या बोटीच्या डेकवर अशी शेकडो भोकं सहज भरतात आणि त्यातलं प्रत्येक भोक बाल्सापर्यंत जाणारा रस्ता असतो.

आता ताणाचा हिशेब करू. कठड्याचा खांब साधारण 60 सेंटिमीटर उंच असतो. बुडाच्या पट्टीतल्या बोल्टांमधलं अंतर 6 सेंटिमीटर धरा. धक्क्यावरून बोटीत चढणाऱ्या माणसानं खांबाचं टोक धरून 30 किलोचा जोर दिला, की तरफेच्या नियमानं बुडाच्या बोल्टावर त्याच्या दहापट, म्हणजे 300 किलोचा उपसा येतो. पट्टीची एक कड केसभर उचलली जाते, जोर सुटला की पुन्हा बसते. बोटीत चढणारे लोक हे दिवसातून दहा वेळा करतात. मध्ये भरलेला पदार्थ कडक असेल तर त्याला तडा जातो. तो पदार्थ नुसता चिकटलेला असेल आणि ताणला जात नसेल तर एका बाजूनं सुटतो. केसाएवढी फट पाण्याला पुरते.

यात उन्हाची भर पडते. मुंबईच्या मे महिन्यातला डेक आणि पहाटेचा डेक यांच्या तापमानात 35 अंशांचा फरक सहज पडतो. 60 सेंटिमीटर लांबीची ॲक्रिलिकची खिडकी तेवढ्या फरकानं सुमारे दीड मिलिमीटर लांबते. तिच्या खालचं फायबरग्लास अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच लांबतं. उरलेला मिलिमीटर मधल्या सीलंटनं रोज सोसायचा. हा हिशेब न करता खिडकी घट्ट आवळून बसवली की एक तर सीलंट सुटतो, नाही तर स्क्रूच्या भोकापासून काच तडकते. जुन्या बोटींच्या खिडक्यांना भोकांपासून निघालेल्या बारीक रेषा दिसतात, त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं.

आपल्याकडे शिडाची बोट म्हटलं की 'म्हादेई' आठवते. मांडवी नदीचं हे दुसरं नाव धारण करणारी ही 56 फुटी बोट गोव्यात दिवाडीला रत्नाकर दांडेकर यांच्या जहाजबांधणीच्या यार्डात बांधली गेली आणि 2009 च्या सुरुवातीला नौदलात आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कमांडर दिलीप दोंदे तिच्यातून एकटे पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले आणि वाटेत चार बंदरं घेऊन मे 2010 मध्ये मुंबईला परतले. नोव्हेंबर 2012 मध्ये अभिलाष टॉमी तिच्यातूनच निघाले आणि 2013 च्या मार्च अखेरीस, कुठंही न थांबता, परत आले. तिची बहीण 'तारिणी'ही दांडेकरांच्याच हातची. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकारी स्त्री-अधिकाऱ्यांनी तिच्यातून सप्टेंबर 2017 ते मे 2018 या काळात प्रदक्षिणा पुरी केली. प्रशांत महासागरात त्यांना 60 नॉटच्या वरचा वारा लागला होता. अशा समुद्रात लाट डेकला नुसता हात लावून जात नाही, अख्खी डेकवर चढते. तिथं एखादी क्लीट गळू लागली तर ती काढून, जागा वाळवून, नव्यानं बसवायला जागा कोरडी मिळतच नाही. म्हणून लांबच्या बोटीवर सीलंटची निवड गोदीतच, बोल्ट बसवायच्या दिवशीच करून टाकावी लागते.

नौदलासाठी पुढे एक वेगळंच जहाज बांधलं गेलं. अजिंठ्याच्या चित्रांतल्या पाचव्या शतकातल्या जहाजावरून बेतलेलं 'कौंडिण्य'. केरळचे बाबू शंकरन आणि त्यांचे कारागीर यांनी त्याच्या फळ्या काथ्याच्या दोरानं एकमेकींना शिवल्या. सांध्यांत नारळाचा काथ्या आणि राळ. मे 2025 मध्ये कारवारला ते नौदलात दाखल झालं आणि डिसेंबर 2025 च्या अखेरीस पोरबंदरहून निघून जानेवारीत मस्कतला पोचलं. एकाच नौदलात इपॉक्सीचा डेक आणि राळेचा सांधा, दोन्ही आले.

'कौंडिण्य'चा सांधा मला आधुनिक बोटमालकाला शिकवण्यासारखा वाटतो. शिवलेलं जहाज लाटेवर लवतं. काथ्या आणि राळेचं भरण त्याच्याबरोबर लवतं, आणि वर्ष-दोन वर्षांनी ते खरवडून नवं भरता येतं. मुंबईच्या गोदीत 1817 मध्ये जमशेटजी वाडियांच्या हाताखाली पाण्यात उतरलेली 'ट्रिंकोमाली' ही सागवानी युद्धनौका आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर आहे. तिचं सागवान टिकलं याचं श्रेय लाकडाला आहेच. पण जुन्या पद्धतीच्या जहाजातलं सांध्यांचं भरण उघडून पुन्हा भरता येतं, म्हणून लाकडाला इजा न करता दुरुस्ती होऊ शकते. आपल्या कोकण किनाऱ्यावर कापूस, राळ, खोबरेल किंवा माशाचं तेल, काजूच्या टरफलाचं तेल हे सगळं पिढ्यान् पिढ्या लाकडी होड्यांना लागत आलं.

केबिन रोडवरून उत्तन लांब नाही. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. तेव्हा उत्तन, पाली, चौकच्या बोटी किनाऱ्यावर शाकारलेल्या असतात आणि सुतारकाम, इंजिनकाम, रंगकाम चालू असतं. तिथल्या एका जुन्या सुतारकाकांना मी माझ्या गळक्या खांबाची हकिगत सांगितली. ते एवढंच म्हणाले, "वरनं लावून काय उपेग? खोलून बसवा." त्या वाक्यातला पहिला नियम असा: सीलंट पट्टीच्या भोवती लावायचा नसतो, पट्टीच्या खाली लावायचा असतो. बाहेरून ओढलेली रेघ दिसायला कितीही नीट असली तरी ती दुरुस्ती नव्हे.

मग पट्टीखाली काय घालायचं?

दुकानात पाच घराणी भेटतात: पॉलियुरेथेन, पॉलिसल्फाइड, सिलिकोन, अलीकडचं संकरित घराणं आणि ब्यूटाइल. यांच्या जाहिरातींत प्रत्येक जण सर्वांत बळकट असतो. पण बळकटपणा हा इथं पहिला निकष नाही. पहिला प्रश्न हा: ही वस्तू मला पुन्हा कधी काढावी लागेल का? दुसरा: ही वस्तू कशाची आहे, धातूची की प्लास्टिकची? तिसरा: ती कायम पाण्याखाली राहणार की फक्त लाट आणि पाऊस सोसणार? या तीन उत्तरांवर निवड ठरते.

पॉलियुरेथेनपासून सुरू करू, कारण बोटीवर सर्वांत जास्त गैरवापर त्याचाच होतो. जर्मनीत ओटो बायर यांनी 1937 मध्ये शोधलेलं हे रसायन आज गादीच्या फोमपासून मोटारीची पुढची काच चिकटवण्यापर्यंत सगळीकडे आहे. पॉलियुरेथेनचा सीलंट हवेतला ओलावा शोषून घट्ट होतो. वरून खाली, दिवसाला साधारण तीन मिलिमीटर. वाळल्यावर रबरासारखा ताणतो आणि फायबरग्लासला असा धरतो की नंतर तो सोडवताना फायबरग्लासचं वरचं कवच त्याच्याबरोबर उचकटून येतं. 3एमचं 5200 हे नाव बोटवाल्यांच्या तोंडी असतं. ते याच घराण्यातलं, कायमचं धरणारं. डेक आणि हल (बोटीचं खालचं अंग) यांचा सांधा, किल (तळाचा कणा) आणि हल यांचा सांधा, म्हणजे जे बोटीच्या जन्मभर उघडायचं नाही, तिथं ते योग्य आहे. पाण्याच्या पातळीखालच्या नळांसाठीही पॉलियुरेथेन चालतं, पण तिथं मी कमी धरणारा प्रकार घेईन, कारण नळ कधी तरी बदलावा लागतोच.

कठड्याच्या खांबाखाली मात्र 5200 घालू नका. खांब वाकतात. धक्क्याला आपटून, शेजारच्या बोटीला घासून. वाकलेला खांब काढायचा झाला की सीलंट सोडत नाही आणि माणूस छिन्नी घेऊन डेकच फोडतो. याच घराण्यात मध्यम धरणारे प्रकारही आहेत, सिकाफ्लेक्स 291 त्यातलं एक. विंच, चेनप्लेटची झाकणं अशा ठिकाणी तो चालतो. भाईंदरला मोटारीची काच बसवायचा काळा पॉलियुरेथेन कुठल्याही ऑटोच्या दुकानात स्वस्तात मिळतो, म्हणून काही जण तोच वापरतात. त्याला काचेच्या कडेला काळं प्रायमर आणि काळी पट्टी लागते, कारण थेट ऊन त्याला सोसत नाही. डेकवर ती सावली नाही. बोटीसाठी बनवलेला, उन्हाचा उल्लेख असलेला प्रकार घ्यावा. आणखी एक: ओल्या पॉलियुरेथेनमध्ये आयसोसायनेट असतं. दारं बंद केलेल्या केबिनमध्ये ते लावू नका आणि हातमोजे घालाच.

पॉलिसल्फाइडचा जन्म योगायोगानं झाला. 1920 च्या दशकात अमेरिकेत जोसेफ पॅट्रिक मोटारीच्या रेडिएटरमधलं पाणी गोठू नये म्हणून स्वस्त द्रव शोधत होते. हाती आला एक दुर्गंधी, चिकट रबरी गोळा. पेट्रोल, तेल, बहुतेक द्रावकं यांना तो दाद देत नव्हता, म्हणून पुढे विमानांच्या पंखांतल्या इंधन-टाक्या त्यानं बंद केल्या जाऊ लागल्या. बोटीवर त्याची दोन कामं आहेत, आणि दोन्हींत त्याला तोड नाही: डिझेल भरायच्या तोंडाची डेकवरची चकती आणि सागाच्या डेकच्या फळ्यांमधल्या काळ्या रेघा. सागाला मात्र नैसर्गिक तेल असतं. सीलंट भरायच्या आधी काही मिनिटं फळीची कड ॲसिटोननं पुसली नाही तर धर लागत नाही. पॉलिसल्फाइड प्लास्टिकला मात्र लावू नये. ॲक्रिलिक, पॉलिकार्बोनेट, एबीएस यांना ते आतून कमजोर करतं. खिडकी आणि प्लास्टिकच्या झडपा त्यापासून दूर ठेवा. एकाच भागातलं पॉलिसल्फाइड वाळायलाही फार वेळ घेतं, काही दिवस ते आठवडाभर, आणि घाईच्या माणसाला ते सोसत नाही.

सिलिकोनवर माझा राग आहे असं वाटू नये. उष्णता, थंडी, ऊन यांना सिलिकोनइतकं कोणी सोसत नाही. प्लास्टिकला ते इजा करत नाही. दोन वेगळ्या धातूंच्या मध्ये गॅस्केट म्हणून ते उत्तम आहे. पण त्याचे दोन दोष बोटीवर घातक ठरतात. एक, त्याची फायबरग्लासवरची पकड कमी असते. ते दाबून बसलं तर टिकतं, उपसलं गेलं की सुटतं. दोन, ते काढून टाकल्यावरही पृष्ठभागावर न दिसणारा तेलकट थर राहतो, ज्यावर दुसरा कुठलाही सीलंट किंवा रंग धरत नाही. माझ्या मित्राच्या खांबाखाली नंतर घातलेलं पॉलियुरेथेन एका कोपऱ्यातून सुटलं, ते याचमुळे. तो थर घालवायला डेक घासावा लागला. घ्यायचंच असेल तर तटस्थ प्रकार घ्या. ज्या सिलिकोनला व्हिनेगरचा वास येतो ते वाळताना आम्ल सोडतं आणि धातू खातं.

संकरित घराण्याची सुरुवात जपानमध्ये कानेका कंपनीनं 1970 च्या दशकाच्या अखेरीस केली. पॉलियुरेथेनसारखी ताण सोसायची ताकद, पण आयसोसायनेट नाही, आणि उन्हात पिवळं पडणं कमी. 3एमचं 4000 यूव्ही याच जातीचं. पांढऱ्या डेकवर, दिसणाऱ्या कडांना मला हे सर्वांत स्वच्छ वाटतं.

उरलं ब्यूटाइल. नळीत नव्हे, पट्टीच्या गुंडाळीत मिळणारं, मळलेल्या कणकेसारखं राखाडी रबर. 1937 मध्ये अमेरिकेत विल्यम स्पार्क्स आणि रॉबर्ट थॉमस यांनी शोधलेल्या या रबरातून हवा फार कमी झिरपते, म्हणून टायरच्या ट्यूब त्याच्या होऊ लागल्या. बोटीवर उपयोगी पडणारा त्याचा गुण असा की ते वाळतच नाही. दहा वर्षांनीही ते मऊ आणि चिकट असतं. पट्टी उचलली गेली की ते ताणलं जातं, बसली की पुन्हा बसतं. काढायचं झालं तर बोल्ट सोडवून पट्टी फिरवली की सुटतं, आणि डेकला ओरखडाही येत नाही.

माझा निवाडा असा आहे: आरपार बोल्ट आणि खाली आधारपट्टी असलेल्या डेकवरच्या धातूच्या सामानासाठी, म्हणजे खांब, क्लीट, दोराच्या पट्ट्या यांसाठी, पहिली निवड ब्यूटाइल. कायमच्या सांध्यांसाठी पॉलियुरेथेन. इंधनाजवळ आणि सागाच्या फटींत पॉलिसल्फाइड. प्लास्टिकच्या खिडकीसाठी, ती चौकटीत दाबलेली असेल तर ब्यूटाइल किंवा तटस्थ सिलिकोन; नुसती चिकटवायची असेल तर त्यासाठीच बनवलेला पॉलियुरेथेन त्याच्या प्रायमरसह. ब्यूटाइल पाण्याच्या पातळीखाली नको, डिझेलजवळ नको, आणि जिथं सीलंटनंच वस्तू धरून ठेवायची आहे तिथं तर नकोच. ते बोल्टाचं काम करत नाही.

ब्यूटाइल विकत घेताना एक फसगत होते. छपरं दुरुस्त करायला ॲल्युमिनियमची चकाकती पट्टी लावलेली जी चिकटपट्टी मिळते, तिच्या मागचा थर कधी ब्यूटाइलचा असतो, कधी डांबराचा. डांबरवाली काळी असते आणि नाकाजवळ नेल्यावर डांबराचाच वास येतो. उन्हात ती ओघळते आणि पांढऱ्या डेकवर कायमचे डाग पाडते. हवं ते दोन्ही बाजूंनी उघडं, दोन बोटांत ताणलं की तुटण्याआधी लांब धागे काढणारं ब्यूटाइल.

सीलंटइतकंच, किंबहुना जास्त, भोकाच्या तयारीवर अवलंबून असतं. जी बोट बाल्साच्या भरणाची आहे, तिचं भोक थेट बाल्सातून जाऊ देऊच नये. बोल्टापेक्षा मोठं भोक पाडायचं, आतलं ओलं लाकूड खरवडून वाळवायचं, खालून टेप लावून तोंड बंद करायचं आणि घट्ट केलेलं इपॉक्सी भरायचं. ते कडक झाल्यावर त्याच्या मधोमध बोल्टाच्या मापाचं नवं भोक. आता सीलंट हरला तरी पाण्याला बाल्सा भेटत नाही, इपॉक्सीची भिंत भेटते. बाल्सा पुरता वाळवल्याशिवाय हे करू नये. भाईंदरच्या हवेत जुलै-ऑगस्टमध्ये तो वाळतच नाही. दसऱ्यानंतर, ऑक्टोबरच्या उन्हात, ताडपत्री काढून दोन आठवडे भोकं उघडी ठेवणं हा सर्वांत स्वस्त उपाय.

मग भोकाचं वरचं तोंड थोडं तिरकं तासायचं, उथळ वाटीसारखं. बोल्टाच्या मानेभोवती ब्यूटाइलची बारीक दोरी गुंडाळायची, पट्टीच्या तळाला ब्यूटाइल पसरायचं. आवळताना ते या वाटीत शिरून बोल्टाभोवती कडं करतं. पट्टी कितीही डुलली तरी हे कडं दाबलेलंच राहतं. हे तासणं दोन मिनिटांचं काम आहे, आणि ते न करणं हेच बहुतेक गळतीचं मूळ. आवळताना वरचा बोल्ट पान्यानं जागच्या जागी धरायचा आणि फक्त खालचा नट फिरवायचा. वरचा बोल्ट फिरला की त्याच्याभोवतीचं कडं पिळून निघतं. यासाठी दोन माणसं लागतात, एक डेकवर, एक केबिनमध्ये. ब्यूटाइल एका दमात आवळू नका. थोडं आवळा, कडेनं बाहेर येऊ द्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडं. तीन-चार दिवसांत येणं थांबतं. बाहेर आलेलं जुन्या एटीएम कार्डानं कापून घ्या. नळीतले सीलंट वापरणाऱ्यांनी उलट, पट्टी आणि डेक यांच्यामध्ये एक पातळ थर राहील इतपतच आधी आवळावं, वाळू द्यावं आणि मग नटाला अखेरचा वळसा द्यावा. सगळं एकदम आवळलं की सीलंट बाहेर येतो आणि मध्ये धातूला धातू उरतो.

बोल्टाच्या धातूबद्दल भाईंदरमधल्या माणसाला फार सांगावं लागू नये. पूर्वेच्या गाळ्यांत स्टीलची भांडी घडतात आणि तिथल्या कारागिराला दोनशे दोन, तीनशे चार, तीनशे सोळा हे आकडे तोंडपाठ असतात. भांड्याला 202 किंवा 304 पुरतं. डेकवर 316 हवं, कारण त्यात दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि खाऱ्या पाण्याला ते जास्त वेळ तोंड देतं. चुंबक लावून 304 आणि 316 ओळखता येत नाहीत. बिल आणि बोल्टाच्या डोक्यावरची खूण पाहूनच घ्यावं. पण 316 ही निर्धोक नाही. स्टेनलेस स्टीलचं रक्षण त्यावरचा अदृश्य ऑक्साइडचा थर करतो आणि त्या थराला हवेतला ऑक्सिजन लागतो. सीलंट एका कडेनं सुटला आणि भोकात खारं पाणी साचून राहिलं की तिथं ऑक्सिजन पोचत नाही. बोल्टाचं डोकं आणि नट चकाकत राहतात, मधली मान आतून खाल्ली जाते. चेनप्लेटच्या बाबतीत हे जिवावर बेततं, कारण चेनप्लेट तुटली की डोलकाठी पडते. डेकवरची चेनप्लेट गळत असेल तर ती पुसून गादी वाळवू नका. चेनप्लेट बाहेर काढा, डेकच्या जाडीत लपलेला तिचा भाग पाहा.

गळती शोधणं हे वेगळंच काम आहे. पाणी जिथं टपकतं तिथून ते क्वचितच शिरलेलं असतं. दोन कवचांच्या मध्ये ते चार-पाच फूट चालत जातं. सोपी युक्ती ही: सगळ्या खिडक्या आणि झाकणं बंद करा, एका झडपेतून केबिनमध्ये ब्लोअरनं हवा भरा आणि डेकवर साबणाचं पाणी शिंपडा. जिथं बुडबुडे उठतील तो तुमचा बोल्ट. दोन माणसांचं तासाभराचं काम आहे, आणि अंदाजानं दहा बोल्ट उघडण्यापेक्षा फार कमी.

मित्राच्या बोटीचे सगळे खांब आम्ही या पद्धतीनं पुन्हा बसवले, एका वेळी एक, सहा आठवडे, दर रविवारी. त्यानंतर तीन पावसाळे झाले. केबिनमधली गादी कोरडी आहे.

तुम्ही हे काम हाती घ्याल तेव्हा दुकानात नळी उलटी करून तळाची तारीख आधी वाचा. ओलाव्यानं वाळणारा सीलंट दमट किनाऱ्यावरच्या दुकानात बंद नळीतही म्हातारा होतो, बहुतेकांची मुदत वर्षभराचीच असते, आणि मुदत उलटलेली नळी हातात मऊ लागली तरी डेकवर धरत नाही. तारीख दिसत नसेल तर ती नळी परत फळीवर ठेवा.